झुरळाचं रक्त कुठे गेलं?

प्रश्न: बाई, परवा झुरळ मारलं तर त्यातून पांढरा चिकट लगदा निघाला. माझा आठ वर्षांचा मुलगा म्हणाला, "झुरळाला रक्तच नसतं. माशीला असतं, काल मारली तेव्हा लाल डाग पडला होता." मला काही सांगता आलं नाही. त्याचं बरोबर आहे का?

उत्तर: मुलाची नजर चांगली आहे, पण अनुमानं दोन्ही चुकली. झुरळाला रक्त असतं, आणि माशीचा तो लाल डाग रक्ताचा नसतो.

आधी तो लगदा. मी ३१ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. पहिल्याच वर्षी विच्छेदनाच्या तासाला मुलांना बेधडक सांगितलं होतं, की हे झुरळाचं रक्त. प्रयोगशाळेतले परिचर मागे ट्रे धूत होते. तास संपल्यावर हळूच म्हणाले, "बाई, ती चरबी आहे हो." त्यांचंच खरं होतं. त्याला मेदपिंड म्हणतात. पोटातल्या सगळ्या अवयवांवर तो कापसासारखा पसरलेला असतो आणि चिमट्याने काढता काढता मुलं वैतागून जायची. अन्न साठवण्यापासून आपल्या यकृताची बरीच कामं तो झुरळात करतो. रक्त असतं त्याच्याच भोवती, पण जवळजवळ पाण्यासारखं रंगहीन, म्हणून लक्षातच येत नाही. पाठीच्या खाली १३ कप्प्यांचं लांबट हृदय असतं. ते रक्त पुढे ढकलतं आणि मग ते अवयवांभोवती मोकळंच खेळतं. आपल्यासारखं रक्तवाहिन्यांचं जाळं नाही.

रंग का नाही, तर त्या रक्ताला ऑक्सिजन वाहून न्यायचाच नसतो. आपल्याकडे ते काम हिमोग्लोबिन करतं आणि लाल रंग त्याचाच. झुरळाच्या अंगावर श्वासरंध्रांच्या १० जोड्या असतात. तिथून शिरलेली हवा बारीक होत जाणाऱ्या नळ्यांतून थेट पेशींपाशी पोचते. झुरळ पाण्याखाली उघडलं, की हवेने भरलेल्या या नळ्या चांदीच्या तारांसारख्या चमकतात. कितीदा पाहिलं तरी मला ते दृश्य शिळं वाटलं नाही. (झुरळाला सुंदर म्हटल्याबद्दल घरी बोलणी खाल्ली आहेत.)

माशीचा लाल डाग तिच्या चिरडलेल्या डोळ्यांतल्या रंगद्रव्याचा. डासाचा डाग लाल असेल तर ते रक्त खरंच, फक्त त्याचं नव्हे, तुमचं किंवा घरातल्या कुणाचं तरी. तेही मादीने प्यायलेलं. नर रक्त पीत नाही.

मुलाला एवढ्याने पुरणार नाही, म्हणून आणखी थोडं. कायरोनोमस नावाच्या चिलटासारख्या कीटकाच्या अळ्या चिखलात राहतात. तिथे ऑक्सिजनची टंचाई, म्हणून त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं आणि अळ्या चक्क लालभडक दिसतात. ऑक्टोपसचं रक्त निळं, कारण त्याच्या ऑक्सिजनवाहक द्रव्यात लोहाऐवजी तांबं असतं.

प्रश्न: मुका मार लागला की ती जागा आधी काळीनिळी, मग हिरवट आणि शेवटी पिवळी होते. आत पू तर होत नाही ना?

उत्तर: नाही. कातडीखाली सांडलेलं रक्त शरीर मोडीत काढतंय. हिमोग्लोबिन मोडून आधी बिलिव्हर्डिन हे हिरवं द्रव्य बनतं, त्यापासून पिवळं बिलिरुबिन. काविळीत डोळे पिवळे होतात ते याच्यामुळेच. जागा गरम लागली, ठणका वाढत गेला किंवा ताप आला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. न्यू गिनी बेटावरच्या काही सापसुरळ्यांच्या अंगात तर हे हिरवं द्रव्य इतकं साठलेलं असतं, की त्यांचं रक्त, स्नायू आणि हाडंसुद्धा हिरवी असतात. तरी त्या ठणठणीत.