पुण्याचा भाव नाशिकला कसा?

प्रश्न: माझ्या पर्ल (एक प्रोग्रॅमिंग भाषा) प्रोग्रॅममध्ये नेस्टेड हॅशमध्ये (हॅश म्हणजे की आणि तिचे मूल्य अशा जोड्यांचा साठा; नेस्टेड म्हणजे एकाच्या आत दुसरा) पुण्याचा भाव भरला की नाशिकलाही तोच दिसतो, पण डेटा डम्परने (हॅशमधला सगळा मजकूर छापून दाखवणारे पर्लचे मॉड्यूल) हॅश छापून पाहिला, तर भाव कुठेच नसतो. असे का होते?

उत्तर: दोन्ही शहरांच्या कीखाली आपण आधी ‘चालू’ ही साधी स्ट्रिंग (नुसता मजकूर) ठेवलेली असणार. तिच्याखाली पुढची पातळी लिहिताच पर्ल त्या स्ट्रिंगलाच नाव समजून ‘चालू’ नावाच्या ग्लोबल (सगळ्या प्रोग्रॅमला सामाईक) हॅशमध्ये भाव ठेवते, आणि तो दोन्ही शहरांना सामाईक होतो. स्ट्रिंगला असे नाव म्हणून वापरणे हाच सिम्बॉलिक रेफरन्स. फाइलच्या आरंभी ‘यूज स्ट्रिक्ट’ (use strict, अशा वापराला मनाई करणारी सूचना) लिहिल्यास प्रोग्रॅम नेमक्या त्याच ओळीवर थांबेल; ते न लिहिण्याची सवय मला तरी अनाकलनीय वाटते. शहराची स्थिती आतल्या हॅशमध्ये वेगळ्या कीखाली ठेवावी. मात्र आतली की ‘एक्झिस्ट्स’ने (exists, की आहे का ते सांगणारे फंक्शन) तपासतानाही, बाहेरची की नसल्यास ती आपोआप निर्माण होते, म्हणून आधी बाहेरची तपासावी.