सत्तेत असलेल्या नेत्याने टीव्हीवरच्या इलेक्शन डिबेटला कसं सामोरं जावं? की सरळ टाळावी?

टाळावी हे म्हणणं अगदीच चूक नाहीये. अमेरिकेत जॉन्सनने १९६४ ला आणि निक्सनने १९७२ ला डिबेट केलीच नाही आणि दोघंही दणक्यात निवडून आले. मग १९७६ ला फोर्ड मागे पडला होता म्हणून त्याने स्वतःच कार्टरला आव्हान दिलं आणि तेव्हापासून खुर्चीवरच्या माणसाला नाही म्हणणं अवघड होत गेलं. ब्रिटनमध्ये २०१७ ला पंतप्रधान थेरेसा मे स्वतः गेल्या नाहीत, गृहमंत्री अंबर रड यांना पाठवलं, तर बाकीच्या सगळ्यांनी त्या कुठे आहेत यावरच तोंडसुख घेतलं. सरकार राहिलं पण बहुमत गेलं (फक्त त्यामुळेच गेलं असं नाही, पण मदत तर नक्कीच झाली नाही). त्यामुळे आता जावंच लागतं असं धरून चालू.

माझ्या मते खरा घोळ मुद्द्यांचा नसतोच. सत्तेतल्या माणसाला चार-पाच वर्षं कोणी तोंडावर उलट बोललेलं नसतं. मीटिंगमध्ये तो बोलायला लागला की बाकीचे माना डोलावतात, पत्रकार परिषदेत नको तो प्रश्न आला की पुढच्याकडे बोट दाखवता येतं, आणि मग एके दिवशी अचानक दीड तास कोणीतरी बरोबरीने उभा राहून त्याचे वाभाडे काढतोय आणि मध्ये थांबवायला कोणी नाही, हे सहन करायची सवयच मोडलेली असते. ते तोंडावर दिसतं. २००४ च्या पहिल्या डिबेटमधला बुश (धाकटा) बघा, यूट्यूबवर आहे, आवाज बंद करून बघा. केरी बोलत असताना हा कपाळाला आठ्या घालतोय, ओठ मुडपतोय, वैतागलाय. एक बोलत असताना दुसऱ्याचा चेहरा दाखवायचा नाही असं दोन्ही टीमनी लेखी ठरवलं होतं, चॅनेलवाल्यांनी ते जुमानलं नाही आणि अर्ध्या स्क्रीनवर तो वैताग सगळ्या देशाने पाहिला. २०१२ ला डेन्व्हरमध्ये ओबामाचं उलटं, तो खाली मान घालून कागदावर लिहीत बसला, जणू हे सगळं लवकर संपलं तर बरं.

म्हणून तयारीत सगळ्यात महत्त्वाचं काय तर प्रॅक्टिसला समोर असा माणूस उभा करायचा ज्याला साहेबांची भीती वाटत नाही. हाताखालचा नको, तो हातचं राखूनच बोलणार. आणि त्याने घरचं, तब्येतीचं, जुन्या लफड्यांचं सगळं काढायचं, अगदी राग येईपर्यंत, म्हणजे तो राग बंद खोलीत येऊन जातो.

दुसरं म्हणजे आकडे. चार वर्षांत काय काय केलं ते सगळं सांगायचा मोह होतो आणि ऑफिसर लोक जाडजूड फाइल्स आणून देतात. १९८४ ला रेगनचं पहिल्या डिबेटमध्ये हेच झालं, लुइव्हिलला तो आकड्यांत अडकला, अडखळला, आणि ७३ वर्षांचा माणूस आता थकला का अशी चर्चा सुरू झाली. त्याच्याच जवळच्या सिनेटरने उघड सांगितलं की तयारीच्या नावाखाली त्याला पार पिळून काढलं. दोन आठवड्यांनी कॅन्सस सिटीत मात्र वयाचा प्रश्न आल्यावर त्याने म्हटलं की मी प्रतिस्पर्ध्याच्या तरुणपणाचा आणि अननुभवाचा राजकीय फायदा घेणार नाही, आणि समोरचा मॉन्डेलसुद्धा हसला. तो विषय तिथेच संपला. केलेल्या कामांतली दोन किंवा फार तर तीन सांगा, ती पण लोकांच्या घरात काय बदललं अशा भाषेत. कारण समोरचा तोच प्रश्न विचारणार आहे. रेगननेच १९८० ला कार्टरसमोर विचारला होता, चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं आज बरं चाललंय का, आणि महागाई तेव्हा दोन आकड्यांत होती!

जे बिघडलं ते समोरच्याने काढायच्या आधी स्वतः सांगून टाकलेलं बरं. आणि माझे हात बांधलेले होते हे चुकूनही म्हणू नये, खुर्चीवरच्या माणसाला ते शोभत नाही. कॅनडात १९८४ ला टर्नर नुकताच पंतप्रधान झालेला, आधीच्या पंतप्रधान ट्रुडोने (थोरल्या) ठरवलेल्या मर्जीतल्या लोकांच्या नेमणुका यानेच केलेल्या, आणि डिबेटमध्ये नेमणुकांचा विषय त्याने स्वतःच काढला (का काढला देव जाणे). विरोधी नेता मल्रोनीने त्याला धरला तर हा म्हणे माझ्याकडे पर्यायच नव्हता. मल्रोनी म्हणाला, पर्याय होता, तुम्ही नाही म्हणू शकला असता. मल्रोनीला २८२ पैकी २११ जागा मिळाल्या.

पदाचा फायदा घेता येतो पण न बोलता. १९८८ ला फ्रान्समध्ये शिराक मित्तराँला म्हणाला की आज रात्री तुम्ही राष्ट्राध्यक्ष नाही आणि मी पंतप्रधान नाही, आपण दोघं सारखेच उमेदवार, मी तुम्हाला मिस्टर मित्तराँच म्हणणार. मित्तराँ शांतपणे म्हणाला, तुमचं अगदी बरोबर आहे, पंतप्रधान महोदय. एवढंच.

प्रेक्षक प्रश्न विचारणार असतील तर अजून जपून. १९९२ ला रिचमंडमध्ये एक बाई विचारत होत्या की देशावरच्या कर्जाचा तुम्हाला स्वतःला काय त्रास झाला, आणि त्या विचारत असतानाच थोरल्या बुशने घड्याळात पाहिलं, वर प्रश्न नीट कळला नाही म्हणाला. क्लिंटन उठून त्यांच्याजवळ गेला आणि उलट त्यांनाच विचारलं की तुमच्यावर काय परिणाम झाला ते सांगा. प्रश्न पैशाचा नव्हताच हो, आमचं कसं चाललंय ते तुला माहितीये का हा होता.

आणि तारखांवर मात्र घासाघीस करा, हे लोक विसरतात. आपल्या माणसाला वाचवायचं म्हणून टीम एकच डिबेट आणि ती पण शेवटी शेवटी असं मागते. कार्टरने १९८० ला अपक्ष उमेदवार अँडरसनसोबतची पहिली डिबेट टाळली आणि मग रेगनबरोबर एकच झाली, मतदानाच्या आठवडाभर आधी, ती बिघडल्यावर सावरायला वेळच नव्हता. रेगनला आणि ओबामाला पहिली वाईट गेल्यावर साधारण दोन आठवड्यांत दुसरी मिळाली म्हणून निभावलं. बायडेनची २०२४ ची पहिली २७ जूनला झाली, पुढची ठरली होती थेट सप्टेंबरमध्ये, मधल्या वेळात पक्षातलेच लोक थांबायला तयार नव्हते आणि २१ जुलैला त्याने माघार घेतली. म्हणून किमान दोन तरी मागा, दोन्हींत दहा-पंधरा दिवसांचंच अंतर ठेवा आणि शेवटची मतदानाला अगदी चिकटून नको.