पाणी उडतं, मीठ उडत नाही

प्रश्न : नेरूळला राहते, घरी 100 लिटरचा रीफ टँक (प्रवाळांचं, खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) आहे. उकाडा वाढला म्हणून टँकवर छोटा पंखा लावला, तेव्हापासून रोज लिटरभर पाणी कमी होतं. तेवढंच मिठाचं पाणी बनवून भरते, दहा दिवस झाले असतील. आता झोअँथिड (फुलांसारखे उघडणारे प्रवाळासारखे जीव) उघडतच नाहीत, लेदर कोरल (चामड्यासारखा दिसणारा मऊ प्रवाळ) मलूल झालाय आणि वाळूवर तपकिरी थर आलाय. पाणी किचनच्या आरओचंच घेते, तरी असं का?

उत्तर : ताई, आधी ते मिठाचं पाणी भरणं बंद करा. उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ टँकमध्येच राहतं, आणि तुम्ही वरून रोज लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ टाकताय, म्हणजे दहा दिवसांत साडेतीनशे ग्रॅम जास्तीचं. हायड्रोमीटर (पाण्याची घनता, म्हणजे त्यावरून खारेपणा, दाखवणारं साधन) बुडवून बघा, 1.029 च्या आसपास दाखवेल, पाहिजे 1.025-1.026. मी पण पहिल्या उन्हाळ्यात हाच शहाणपणा करून बसलो होतो, कोरलच्या दोन कॉलनी मेल्या तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आता घाईने एकदम खाली आणू नका हं, रोज अडीच लिटर टँकचं पाणी काढायचं आणि तेवढंच बिनमिठाचं शुद्ध पाणी घालायचं, चारेक दिवसांत येईल जागेवर. पुढे काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा, पाणी त्याखाली गेलं की हेच बिनमिठाचं शुद्ध पाणी भरायचं. मिठाचं पाणी फक्त वॉटर चेंजला, म्हणजे टँकचं थोडं पाणी काढून नवं भरताना.

आता तुमचा आरओ. किचनच्या बऱ्याच मशीनमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो पाण्याला चव यावी म्हणून थोडं नळाचं पाणी परत मिसळतो. टीडीएस मोजायचं पेन बुडवा, 50-60 आलं तर नळाचं पाणी मिसळतंय असं समजून जा. शिवाय सिलिका (वाळूत असतं ते खनिज) आरओतूनही थोडी निसटते आणि तुमचा तपकिरी थर बहुतेक तिच्यावरच जगणाऱ्या डायटम या सूक्ष्म शैवालाचा आहे. आरओतून पाणी बाहेर येतं तिथे डीआय रेझिनची (उरलेसुरले क्षार शोषून घेणारी) कार्ट्रिज जोडा, रीडिंग शून्य यायला हवं. (वाशीच्या खाडीचं पाणी चालेल का म्हणून दर महिन्याला कोणीतरी विचारतंच, नाही चालत बाबांनो!)

थर सायफनने ओढून घ्या. आणि लेदरवर मेणासारखा चकचकीत पापुद्रा दिसला तर लगेच मेला म्हणून काढून टाकू नका, तो मधूनमधून कात टाकतो, पॉवरहेडचा (टँकमधलं पाणी फिरवणाऱ्या पंपाचा) प्रवाह जरा त्याच्याकडे वळवा, आपोआप निघून जाईल.