इंग्लंडमध्ये शाळा म्हणते ‘अजून थांबा’. मुलासाठी ईएचसीपी आम्ही पालक स्वतः मागू शकतो का?

हो, मागू शकता. ईएचसीपी म्हणजे विशेष गरज असलेल्या मुलाला शिकताना कोणती मदत द्यायची ते कौन्सिलने, म्हणजे स्थानिक प्रशासनाने, लिहून दिलेला कायदेशीर प्लॅन. शाळेची परवानगी लागत नाही. आज रात्री पत्र लिहून उद्या कौन्सिलला ईमेल केलंत तरी चालतं.

तुम्ही लिहिलंय की दीड वर्षापूर्वी पुण्याहून आलात, मुलगा इयर वनमध्ये आहे, फार कमी बोलतो आणि वर्गात गोंगाट झाला की कान झाकून टेबलाखाली जाऊन बसतो. शाळेचं म्हणणं, घरी मराठी बोलता म्हणून असेल, आणि निदानाचा कागदही अजून नाही, तेव्हा थांबा. माझ्या मुलाच्या वेळी मलाही जवळजवळ हेच सांगितलं होतं. मी अकरा महिने थांबले. ते अजून सलतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भारतात आपल्याला आधी अपंगत्वाचं सर्टिफिकेट, त्यावर टक्केवारी, मग यूडीआयडी हे अपंगत्वाचं ओळखपत्र या क्रमाची सवय असते. ४० टक्क्यांच्या खाली असलं की बऱ्याच सवलती मिळत नाहीत. त्यामुळे ‘कागद नाही’ म्हटलं की आपण गप्प बसतो. इंग्लंडच्या २०१४ च्या चिल्ड्रन अँड फॅमिलीज अ‍ॅक्टमध्ये तशी अट नाही. कलम ३६(८) दोनच गोष्टी विचारतं: मुलाला शिकताना विशेष गरज आहे किंवा असू शकते का, आणि त्यासाठी प्लॅनमधून मदत द्यावी लागू शकते का. ‘असू शकते’ एवढं पुरतं. शाळेने आधी मुलाच्या मदतीवर ६,००० पौंड खर्च केलेले असले पाहिजेत असंही कुणीतरी सांगेल; कायद्यात तेही नाही.

आता मराठीचं. घरची भाषा वेगळी आहे एवढ्यावरून मुलाला शिकण्यात अडचण आहे असं धरू नये, असं त्याच कायद्याचं कलम २० सांगतं, आणि ते योग्यच आहे. पण खरी अडचण असलेल्या मुलालाही तेच कारण चिकटवलं जातं. त्यावर उत्तर एकच: तो मराठीतही असाच आहे हे दाखवा. माझ्या मुलाला तहान लागली की तो ‘पाणी हवं का तुला?’ असं म्हणायचा. मी त्याला जे विचारायचे तेच वाक्य, माझ्याच सुरात. साडेपाच वर्षांचा होता तेव्हा. हे मी स्पीच थेरपिस्टला सांगितलं, तिने अहवालात ते वाक्य मराठीत आणि अर्थासकट लिहून घेतलं, आणि त्यानंतर भाषेचा मुद्दा कुणी काढला नाही. आजीशी व्हिडिओ कॉलवर तो कसा वागतो, चुलत भावंडांत मिसळतो का, हे सगळं लिहा. आणि कुणी काहीही म्हणो, घरात मराठी बंद करू नका. त्याची बोलायची तेवढीच हक्काची जागा आहे.

पत्रावर तारीख हवी, कलम ३६(८)चा उल्लेख हवा. गेटवर टीचरशी झालेलं बोलणं मोजलं जात नाही, त्यामुळे संध्याकाळी सेन्कोला (शाळेत विशेष गरजांचं काम बघणाऱ्या शिक्षकाला) दोन ओळींचा ईमेल करत जा: ‘आज आपलं असं बोलणं झालं.’ टीचरला वाईट वाटेल म्हणून आपण संकोचतो, पण बहुतेक टीचरना अशी नोंद झालेली हवीच असते.

अर्ज पोचल्यापासून ६ आठवड्यांत कौन्सिलने असेसमेंट (मुलाच्या गरजांची तपासणी) करणार की नाही ते कळवायचं असतं. प्लॅन द्यायचा ठरला तर तो एकूण २० आठवड्यांत हातात पडायला हवा. प्रत्यक्षात उशीर होतो. सहा आठवडे उलटले की सातव्याच्या सोमवारी लेखी विचारा.

पहिलं उत्तर नकाराचं आलं तर खचू नका, आम्हालाही आलं होतं. नकाराच्या पत्राच्या तारखेपासून दोन महिन्यांत, किंवा मीडिएशनचं (कौन्सिलशी मध्यस्थामार्फत बोलणी) सर्टिफिकेट मिळाल्यापासून एका महिन्यात, यांतली जी तारीख नंतरची असेल तोवर ट्रिब्युनलकडे, म्हणजे असे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अपील करता येतं. मीडिएशनला बसायचं नसेल तरी मीडिएशनच्या सल्लागाराला फोन करून सर्टिफिकेट घ्यावं लागतं. अपिलाला फी नाही, वकीलही लागत नाही. निकालापर्यंत गेलेल्या अपिलांपैकी ९० टक्क्यांहून जास्त निकाल पालकांच्या बाजूने लागतात. पत्रांचे नमुने इप्सा या संस्थेच्या साइटवर फुकट मिळतात, आणि प्रत्येक कौन्सिलच्या हद्दीत सेंडियास नावाची मोफत सल्ला सेवा असते.

व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (ठरावीक सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) लिहिलंय म्हणून तुम्ही घाबरलाय. ईएचसीपी पब्लिक फंड नाही, मागायला हरकत नाही. डीएलए (डिसअ‍ॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स हा भत्ता) मात्र पब्लिक फंडांच्या यादीत आहे, त्याचा फॉर्म चौकशी केल्याशिवाय भरू नका.

सगळ्यात जास्त जीव प्लॅनच्या मसुद्यातल्या एफ विभागात घाला. मिळायची मदत तिथे लिहिलेली असते, आणि तिथे जे असेल ते पुरवणं कलम ४२ प्रमाणे कौन्सिलला बंधनकारक आहे. आमच्या मसुद्यात होतं, ‘भाषाविकासासाठी नियमित संधी मिळाव्यात.’ नियमित म्हणजे वर्षातून दोनदासुद्धा! आम्ही भांडून ते असं करून घेतलं: ‘आठवड्यातून एकदा ४५ मिनिटं, स्पीच थेरपिस्टकडून, एकट्याला.’ पुढे थेरपिस्ट रजेवर गेली तेव्हा या एका ओळीमुळे त्यांना दुसरी पाठवावी लागली.

मसुदा आला की उत्तराला किमान १५ दिवस मिळतात. तेव्हा नावं झाकून एफ विभाग इथे टाका, मी वाचून सांगते.