पाठदुखी आणि पोक काढून बसायची सवय मसाजने जाते का, की घरचे व्यायाम पुरतात?

तुम्ही लिहिलंय की वय 33, तीन वर्षं घरूनच लॅपटॉपवर काम, कंबर दुखते, खांदे पुढे आलेत, बायको म्हणते पोक आलंय, आणि एका मसाज सेंटरवाल्याने 15 हजारांचं दहा सिटिंगचं पॅकेज आणि वर पाठीचा बेल्ट सांगितलाय, घ्यावं का. दहाचं घेऊ नका, दोन सिटिंग घ्या, बेल्ट अजिबात नको. का ते जरा लांबण लावून सांगते, कारण मी स्वतः यात दीड वर्ष आणि बऱ्यापैकी पैसे घातलेत.

मी अकाउंट्सचं काम करते, राहते डोंबिवलीला, ऑफिस फोर्टात. म्हणजे सकाळी लोकलमध्ये तासभर उभं, मग आठ तास टॅली, परत उभं. मार्च एंडिंगच्या दिवसांत एका सकाळी बेसिनवर दात घासायला वाकले आणि कमरेत अशी उसण भरली की ब्रश तोंडात तसाच, सरळही होता येईना आणि खालीही बसता येईना. सासूबाईंनी तासाभरात मागच्या चाळीतल्या पायाळू काकूंना बोलावलं, त्यांनी पाठीवरून तीनदा पाय फिरवला. हसू नका, त्या दिवशी मला खरंच थोडं बरं वाटलं. मग मिठाचा शेक, निर्गुडीचा पाला, बाळंतिणींना मालिश करणाऱ्या मावशी पंधरा दिवस, मग एका ठिकाणी मणका "बसवून" घेतला, कटाकट आवाज आले, मी खूश. सगळ्याचं तेच, दोन दिवस छान आणि तिसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

हे असं का होतं ते नंतर फिजिओ मॅडमनी समजावलं. मसाजने मणक्यांमधली गादी (डिस्क) आत जात नाही आणि मणका जागेवर बिगेवर बसत नाही, तो सरकलेलाच नसतो, आणि कट असा आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात गॅसचा बुडबुडा होण्याचा. दुखरी जागा हलू नये म्हणून आजूबाजूचे स्नायू आवळून पहारा देत बसतात, कोणी नीट हाताने दाबलं, चोळलं, ऊब दिली की मज्जासंस्था शांत होते आणि तो पहारा थोडा सैल पडतो. ते एकदोन दिवस टिकतं. त्या एकदोन दिवसांत तुम्ही हललात, व्यायाम केलात तर मसाजचे पैसे वसूल, आणि "आराम पडलाय तर पडून राहूया" केलंत तर पाण्यात. मी दीड वर्ष दुसरंच करत होते.

एक सांगते, न्हाव्याकडे चंपीनंतर मान कटकन मोडून घेत असाल तर ते आजच बंद करा. मानेतली रक्तवाहिनी फाटून लकवा मारल्याच्या केसेस झालेल्या आहेत.

आणि हे आधी तपासा: दोन मांड्यांच्या मधली जागा बधिर वाटणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं किंवा लघवी अडणं, पाऊल उचलता न येणं, यातलं काही असेल तर मसाज नाही, व्यायाम नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. ताप, विनाकारण वजन घटणं, पडल्यानंतर सुरू झालेलं किंवा रात्री झोपमोड करणारं दुखणं असेल तरी डॉक्टर आधी.

माझ्या एमआरआयमध्ये एल 4-एल 5 ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये, डिस्क बल्ज (गादी फुगून बाहेर आलीय) असं लिहून आलं तेव्हा मी रडले होते, आता आयुष्यभर बादली उचलायची नाही वगैरे. मग कळलं की अजिबात पाठ न दुखणाऱ्या तीन हजारांहून जास्त लोकांच्या स्कॅनचा आढावा 2015 साली आला होता, त्यात विशीतल्या 37 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीतल्या 96 टक्के. असा रिपोर्ट म्हणजे पाठीला आलेले पांढरे केस समजा, वयाची खूण. बेल्टचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन काढलं, त्यात व्यायाम आणि मसाज करण्यासारख्या गोष्टींत आहेत, बेल्ट आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) नको त्या यादीत. माझे दोन बेल्ट माळ्यावर आहेत.

आता व्यायाम. माझा पाया तीन गोष्टींचा, कॅनडातले पाठीचे प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांच्या. पहिली, उताणं झोपून एक गुडघा वाकवायचा, दोन्ही तळहात कमरेखालच्या पोकळीत, आणि डोकं-खांदे जेमतेम उचलायचे, अगदी कागद सरकेल इतकेच, जिममधल्या क्रंचेससारखं वर यायचं नाही. दुसरी, कुशीवर कोपर टेकून साइड प्लँक, सुरुवातीला गुडघे टेकूनच. तिसरी बर्ड डॉग, म्हणजे घोडा घोडा करताना होतो तसं चार पायांवर, आणि समोरचा उजवा हात आणि मागचा डावा पाय लांब, मग उलट, कंबर डगमगू द्यायची नाही, मुलगी पाठीवर रिमोट ठेवायची पडतोय का बघायला. प्रत्येक वेळी आठ-दहा सेकंद धरायचं, आधी सहा वेळा, थोडं थांबून चार, मग दोन. याला जोड ब्रिज, म्हणजे गुडघे वाकवून नितंब वर उचलणं, कारण बसून बसून नितंबाचे स्नायू काम विसरलेले असतात आणि मग कंबर त्यांची ड्युटी करते.

पोकासाठी एक टॉवेल घट्ट गुंडाळून खांद्याच्या पात्यांखाली आडवा ठेवून पाच मिनिटं उताणं पडायचं, दाराच्या चौकटीला हात टेकून छाती ताणायची, आणि चिन टक, हनुवटी वर-खाली न करता सरळ मागे न्यायची, डबल चिन आली म्हणजे बरोबर चाललंय. दुखरी गाठ असेल तर टेनिस बॉल मोज्यात घालून पाठ आणि भिंत यांच्या मध्ये धरून हळूहळू घोळवा, फक्त मणक्यावर नाही, बाजूच्या मांसावर, हा फुकटचा मसाज. फोटोत फरक दिसायला मला चार महिने लागले.

दुखणं पायात उतरत असेल तर एक खूण लक्षात ठेवा. पोटावर झोपून, मग भुजंगासनासारखं हातांवर उठून बघायचं. पायातली कळ वर सरकून कमरेत आली तर चांगलं, भले कंबर जरा जास्त दुखो. खाली पावलाकडे चालली तर तिथेच थांबायचं. न्यूझीलंडचे फिजिओ रॉबिन मॅकेन्झी यांना हे 1956 मध्ये चुकून सापडलं, एक पेशंट डोक्याकडची बाजू वर केलेल्या टेबलावर पालथा पडून राहिला आणि उठला तर पायाचं दुखणं गायब.

सकाळी उठल्या उठल्या वाकायचं नाही हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर! रात्रभर गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून आपण सकाळी सेंटिमीटरभर उंच असतो आणि तेव्हाच वाकलं की ताण जास्त येतो. आणि मी कोणीतरी सांगितलं म्हणून उसण भरलेली असताना पहाटे बारा सूर्यनमस्कार घालत होते. आता पहिला तासभर फक्त चालणं, चहा. वाकायचं ते कमरेतून नाही, खुब्यातून, झाडूची काठी पाठीला उभी लावून सराव करा, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही काठीला चिकटून राहिली पाहिजेत. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतो, तो तिरका ढकलत फिरवा, उचलू नका.

बसण्याचं म्हणाल तर ताठ बसायचा हट्ट सोडा, ताठ बसूनही तीन तासांनी दुखतंच, दुखतं ते एकाच जागी गोठून बसल्याने. लॅपटॉप डब्यांवर चढवून डोळ्यांच्या रेषेत आणा, वेगळा कीबोर्ड घ्या, कमरेमागे नॅपकिनची गुंडाळी. मी टेबलावर बाटली ठेवत नाही, छोटा पेला ठेवते, पाण्यासाठी दर अर्ध्या तासाने उठावंच लागतं. आणि चाला. ऑस्ट्रेलियातल्या सातशे लोकांवरच्या 2024 च्या अभ्यासात, कंबरदुखीतून बरे झाल्यावर जे ठरवून चालत होते त्यांचं दुखणं साधारण 208 दिवसांनी परत आलं, बाकीच्यांचं 112 दिवसांनीच. चालणाऱ्यांचं टार्गेट होतं आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास. मी एक स्टेशन आधी उतरून बघितलं, जमेना, मग ऑफिसातल्या लंचनंतर ठरवलं, ते टिकलं.

तर मसाजवाल्याला सांगा दोन सिटिंगचेच देतो. दुखणं जोरात असलेल्या आठवड्यात एक, नंतरच्या आठवड्यात एक, दोन्हीच्या दुसऱ्या दिवशी व्यायाम चुकवायचा नाही. उरलेल्या पैशांतून फिजिओकडे दोन-तीन वेळा जाऊन हे व्यायाम त्यांच्या डोळ्यांसमोर करून घ्या, माझा बर्ड डॉग सहा आठवडे चुकीचा चालला होता, आणि एक कीबोर्ड आणा.