मातीच्या ओलाव्याचा सेन्सर बनवलाय, लॅबमध्ये आर-स्क्वेअर (रीडिंग रेघेवर किती बसतात त्याचं माप, १ म्हणजे तंतोतंत) ०.९८ येतोय. एवढी चाचणी पुरे का?

वाळूत आला ना ०.९८? तुम्हीच लिहिलंय की एम.टेक.साठी कपॅसिटिव्ह प्रोब (मातीत खुपसायचं सेन्सरचं पातं) केलाय आणि बीकरमधल्या वाळूत मोजून पाणी घालत गेलात. मग रेघ सरळ येणारच. प्रोब मोजतो तो डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता. पाण्याचा ८० च्या आसपास, कोरड्या वाळूचा ३-४. एवढा फरक असल्यावर कुठलाही प्रोब शहाण्यासारखा वागतो. तोच प्रोब काळ्या मातीत गाडा, मग बोलू.

मी अशाच एका प्रकल्पात असिस्टंट होते. परभणीकडे एका कपाशीच्या रानात आमचे प्रोब होते. पाऊस होता तोवर सगळं गोड. पावसाने उघडीप दिली, रान भेगाळायला लागलं आणि एक प्रोब एकदम ठणठणीत कोरडं दाखवायला लागला. शेजारी वीतभर उकरलं तर माती बोटांना चिकटत होती. भेग नेमकी पात्याला लागून गेली होती, म्हणजे पात्याची एक बाजू चक्क हवेत, आणि हवेचा स्थिरांक १. रानमालक काकांनी मुठीत माती दाबून बघितली नि म्हणाले, "ताई, खाली वल हाय की अजून!"

दुसऱ्या प्रोबची तऱ्हा वेगळी. रोज दुपारी ओलावा चढायचा, रात्री उतरायचा. भर उन्हात पाणी कोण देतंय? तापमानाचा खेळ होता. प्रोबचं सर्किट कमी फ्रिक्वेन्सीवर चालत असेल तर तापमान आणि क्षार दोन्ही रीडिंगमध्ये घुसतात, चिकण मातीत तर जास्तच.

हे सगळं पेपरात घालूया म्हटलं, तर प्रकल्पाच्या सरांनी दोन्ही प्रोब 'आउटलायर' (बाकीच्यांशी न जुळणारे आकडे) म्हणून उडवायला लावले. पेपर छापून आला, छान गुळगुळीत. काळं रान दरवर्षी फाटतं. त्याला आउटलायर म्हणणाऱ्याने एकदा एप्रिलमध्ये बांधावर येऊन उभं राहावं.

तुम्ही ज्या शेतात लावणार तिथलीच माती कोअर कटरने (ठरावीक मापाच्या धातूच्या नळकांड्याने) काढा, म्हणजे घनताही मिळेल. १०५ अंशांना २४ तास ओव्हनमध्ये वाळवा, वजन किती घटलं त्यावरून ओलावा काढा आणि प्रोबचं रीडिंग त्या आकड्याशी ताडा. नुसतं पाणी वाढवत नेऊ नका, वाळतानाही मोजा, कारण ही माती आकसते. स्थिरांकावरून ओलावा काढायचं टॉप या संशोधकाचं १९८० चं समीकरण डोळे झाकून लावू नका. ते टीडीआरचं (विजेचा स्पंद पाठवून तो परतायला लागणारा वेळ मोजायच्या पद्धतीचं) आहे, तुमचं सर्किट त्या फ्रिक्वेन्सीच्या जवळपासही नसणार. पीसीबीच्या (सर्किट बोर्डच्या) कापलेल्या कडांना इपॉक्सी लावा, पाणी तिथूनच आत शिरतं.

हां, पॉलिहाऊसमधल्या कोकोपीटसाठी करत असाल तर भेगांचं सोडून द्या, फक्त कॅलिब्रेशन नव्याने करा.

गाईडशी भांडायचं की नाही ते तुम्ही बघा, डिग्री तुमची अडकलीय. पण शेतातला वेडावाकडा डेटा फेकू नका, निदान थीसिसच्या परिशिष्टात तरी घाला. मला तेवढंही करू दिलं नव्हतं.