शिगमोच्या (गोव्यातल्या होळीच्या सणाच्या) मिरवणुकीत नाचणारे फोटोत पुसट येतात, मागची कमान मात्र स्वच्छ येते. फोटो १/३० सेकंद आणि आयएसओ ४०० वर काढले. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवू की शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं ते)?

आधी शटर स्पीड वाढवा, निदान १/२५० सेकंदावर न्या. मग प्रकाश कमी पडतो, म्हणून आयएसओ वाढवावाच लागेल. तुम्ही १/३० आणि आयएसओ ४०० वर काढलेत. तेवढ्या वेळात रोमटामेळातल्या (ढोल वाजवत नाचणाऱ्या पथकातल्या) माणसाचा ढोलावर पडणारा हात कुठल्याकुठे जातो आणि फोटोत नुसता फराटा उरतो. मागची कमान स्वच्छ आलीय म्हणता, म्हणजे कॅमेरा हललेला नाही. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन कॅमेऱ्याचं हलणं सावरतं, माणसाचं नाही, म्हणून इथे कामाचं नाही. १/३० वरून १/२५० म्हणजे प्रकाश तीनदा निम्मा झाला, तेव्हा आयएसओ तीनदा दुप्पट करा: ८००, १६००, ३२००. फोटोत दाणे (बारीक ठिपके) दिसतील, दिसू द्या. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, फराटलेला हात नाही. १८-५५ ची किट लेन्स असेल तर झूम न करता १८ वरच राहा आणि चार पावलं पुढे जा. १८ वर अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक) एफ/३.५ पर्यंत उघडतं, ५५ वर एफ/५.६ च; आकडा लहान तितका प्रकाश जास्त. फक्त एलईडीच्या चित्ररथावर काळे पट्टे उमटले तर १/१०० वर उतरा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात आणि १/१०० वर ते पट्टे सहसा जातात. मी शिगमो असाच टिपतो.